गोकुळाबाई आणि तलावावरचा स्टे

ब्रह्मपुरीच्या बाजारात गोकुळाबाईशी भाव पाडायला गेलेला माणूस दोन मासे जास्तच घेऊन घरी जाई. जिभेला धार, पण मन निर्मळ. नवरा बापूजी गावच्या ढिवर म्हणजे मासेमारांच्या सोसायटीचा अध्यक्ष. माणूस गरीब गाईसारखा, फक्त स्वतःला भारी हुशार समजायचा.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ती हुशारी अंगाशी आली. तलाव आटत चालला होता आणि सोसायटीनं जाळी सांधून ठेवली होती. मासे काढायच्या आदल्या दिवशी एक ठेकेदार कोर्टात धावला. ठेका माझा आहे, हे लोक उद्या तलाव रिकामा करतील, मग माझं नुकसान कोण भरून देणार, म्हणाला. काम तातडीचं दिसलं म्हणून कोर्टानं सोसायटीला न बोलावताच मासे काढण्यावर स्टे, म्हणजे मनाईहुकूम, दिला आणि तिचं म्हणणं ऐकायला पुढची तारीख ठेवली. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची माणसं हुकमाची नक्कल घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर, बसली.

कोर्टाचा बेलीफ नोटिशीचा कागद द्यायला गावात आला, तसा बापूजी मागच्या दारानं पसार झाला.

"कागद हातात घेतलाच नाई, तं केस चालन कोनावर?" तो नंतर मिशीत हसत म्हणाला. "कंटाळून उठन स्टे आपोआप."

सगळ्या ढिवर मोहल्ल्याला हे पटलं. गोकुळालाही पटलं, हे सांगायला हवं. दुसऱ्या खेपेला तिनंच नवऱ्याला भाताच्या तणसाच्या ढिगात लपवलं आणि तो परगावी पाहुणा गेलाय असं बेलीफाला ठोकून दिलं. ढिगातून बापूजीचे दोन पाय बाहेर डोकावत होते. बेलीफानं ते पाहिले, मान हलवली आणि तो सायकलवर बसला.

मग एका सकाळी तलावात पांढरी पोटं तरंगताना दिसली. पाणी तापलं होतं. मासे मरू लागले होते.

बेलीफ तिसऱ्यांदा आला, तेव्हा तिनं त्याला खाटेवर बसवून पाणी दिलं.

"कागद मले द्या. लिवलं काय हाये त्यात?"

"बाई, कोर्ट तुमालेच बोलावून राह्यलं. या, तुमचं बी सांगा, म्हनते. तुमी येत नाई, म्हनून स्टे पुढं पुढं चालला."

गोकुळानं अंगठा उमटवला आणि बापूजीला हाताला धरून संघपाल वकिलाकडे नेलं. वकिलानं सोसायटीच्या ठेक्याचे कागद कोर्टापुढे ठेवले. दोन्ही बाजू ऐकून कोर्टानं त्याच दिवशी स्टे उठवला. इतकं सोपं होतं ते.

दोघं थेट तलावावर आली. चिखलात मरळ तेवढी जीव धरून होती. रोहू, कतला सगळे मरून काठाला लागले होते. गोकुळा पाळीवर बसून रडली. बापूजी ठेकेदाराला शिव्या घालू लागला.

"पयल्या तारखेपर्यंत त्यानं अडवलं," ती म्हणाली. "तिथून पुढं आपनच अडवलं."

बापूजीनं खाली पाहिलं. मग जाळं पाळीवरच ठेवून तो टोपली घेऊन पाण्यात उतरला. मेलेली मासळी काढायला जाळं लागत नाही.