पारूचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय. सरळ सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मी चौलला मास्तर होतो आणि संध्याकाळी मुलांचं मंडळ चालवायचो. सामानसुमान काही लागायचं नाही — लंगडी, खो-खो, विषामृत. पोरं नुसती उधळलेली असायची. तासभर दमवून घरी पाठवली की आईबाप खूश. माझं गावात नाव झालं होतं. ते मला आवडायचं — हेही सांगून टाकतो.

पारू त्यांच्यात सगळ्यात चपळ. बारा वर्षांची, उंच, आणि गाव ज्यांना शिवत नसे त्या वस्तीतली. मीच तिला बोलावलं होतं. नवे विचार होते ना माझे! आठवड्याभरात, ज्यांच्या वाडीत आम्ही खेळायचो ते बागाईतदार चहा देता देता म्हणाले, "मास्तर, पोर येऊ दे. फक्त आमच्या मुलांना तिचा हात लागू नये, एवढं बघा." मी काय म्हणालो असेन? — "बघतो."

आणि बघितलं. तिला कच्चं लिंबू केलं. तुम्हीही केलं असेल लहानपणी — अगदी धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण त्याला कुणी शिवायचं नाही आणि तो शिवला तर धरायचं नाही. पारूला म्हटलं, "तू नवी आहेस, म्हणून." नवी — किती दिवस? पाऊस गेला, दिवाळी गेली, ती नवीच. तिला एवढंच हवं होतं, की आपल्याला खेळात धरावं. रोज विचारायची.

एकदा विषामृतात सगळ्यांना विष लागलं. सगळी जागच्या जागी बसलेली. उरली एकटी पारू. ती सुसाट धावली, एकेकाच्या खांद्याला हात लावत, "अमृत, अमृत" म्हणत — आणि पोरं उठली, पळायला लागली. त्यांना कुठे काय आठवत होतं? आठवलं मला. पडवीत बागाईतदार उभे होते. मी शिट्टी मारली. "तिचा हात लागला तरी तो धरायचा नाही. बसा खाली." पोरं बसली बिचारी.

पारू माझ्याजवळ आली. "गुरुजी, माजा हात लागला व्हता. लागला न्हाय का?"

"लागला. पण तू कच्चं लिंबू आहेस."

खरं कारण तिला कळलं नसेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. बारा वर्षांच्या पोरीला? त्या वस्तीतल्या?

दुसऱ्या दिवशीही ती आली. का आली असेल? एक लहानगा विष लागून तिच्या पायाशीच बसला होता. "अमृत दे, अमृत दे" करत रडकुंडीला आला होता. ती वाकली — आणि थांबली. दोन्ही हात पाठीमागे घेतले. माझ्याकडे बघितलं.

मी "शाबास" म्हणालो.