फाटकाजवळचं घर

आमच्या कॅम्पातल्या चर्चच्या फाटकाला लागून रखवालदाराचं दगडी घर आहे. इंग्रज साहेबांनी ते बांधताना चर्चचीच नक्कल केली. टोकदार कमानी, निमुळती खिडकी, छपरावर दगडी क्रूस. आत चूल मांडायला मात्र जागा ठेवली नाही, म्हणून रखवालदाराच्या बायकोचा, मार्थाबाईंचा स्टोव्ह खिडकीत असतो. कमानी आभाळाकडे बोट दाखवतात म्हणे. ही खिडकी बोंबलाचा वास वर पोचवते.

इथला रिवाज असा, की मयत आतल्या कबरस्तानात नेली की फाटक उघडं ठेवायचं आणि शेवटचा माणूस बाहेर आल्यावरच लावायचं. मार्थाबाईंच्या नवऱ्याने ते जन्मभर केलं. गेल्या हिवाळ्यात तोच आत गेला. तेव्हापासून फाटक उघडंच आहे.

काल संध्याकाळी मी चर्चमधून निघालो, तेव्हा फाटकाशी पाळकसाहेब वैतागले होते. "मार्थाबाई, कबरींवर गुरं शिरतात. फाटक लावत नसाल तर नवा रखवालदार ठेवावा लागेल. मग हे घरही त्याचंच."

"लावते की. सगळे बाहेर येऊ देत."

"आता आत कोण राहिलंय?"

"आमचे हे आहेत ना."

पाळकसाहेबांनी स्वतःच कडीला हात घातला, कबरींकडे एकदा पाहिलं आणि कडी सोडून दिली.

मी भुतं मानत नाही. तरी बाहेर पडताना फाटकाच्या कडेकडेने निघालो. मधली वाट कुणाला तरी लागेल, असं वाटलं.