नवरदेवासाठी वाळ्याचा एसी

नवरदेवाच्या नाकाच्या शेंड्यावरून राखेचा ओघळ शेरवानीवर टपकला, तेव्हा परळी अजून लांब होती. मागच्या सीटवर त्याचे मामा होते. आरशात बघायची माझी हिंमत होईना.

सकाळी बीडमध्ये गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बसला. कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून गारवा करणारा पंप. तो गेला की उरतो नुसता पंखा, आणि मे महिन्यात पंख्याचा भाता होतो. दुसरी गाडी रिकामी नव्हती. बुकिंग एसीचं होतं.

"नवरदेव घामाघूम उतरला," गाडीचे मालक म्हणाले, "तर उद्यापासून स्टिअरिंगला हात लावायचा न्हाई."

पार्टीला खरं सांगून टाकावं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. म्हणालो, एसीचं माझ्यावर सोडा.

घरच्या कूलरचा वाळ्याचा पडदा काढला, कापून डावीकडच्या दोन्ही खिडक्यांत तारेनं करकचून बांधला. तत्त्व कूलरचंच. ओल्या वाळ्यातून वारा आला की गार होतो, फक्त आतल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. म्हणून उजवीकडच्या काचा उतरवल्या. मामांच्या मांडीवर पाण्याचा कॅन दिला.

वडवणीपर्यंत मी शास्त्रज्ञ होतो. गाडीभर वाळ्याचा वास. नवरदेव माझ्या शेजारी डुलक्या घेत होता. मामा म्हणाले, हे तर एसीच्या वरचं निघालं. मी नुसती मान हलवली, जसं काही हे रोजचंच.

शिरसाळ्यापुढं टिपर आडवा आला. परळीच्या वीज केंद्राची राख टाकून परत निघालेला, रिकामा. रिकामा टिपर भरल्यापेक्षा वाईट. तळाला राहिलेली राख ताडपत्रीशिवाय मोकळी उडते. मामांना मुहूर्ताची घाई, ओव्हरटेकला जागा नाही. मी त्याच्या बुडाला चिकटून राहिलो.

शहाण्या माणसानं काचा वर घेतल्या असत्या. आमच्या डाव्या काचा वर जायची सोय मीच तारेनं बांधून टाकली होती. कोरडी राख निदान झटकता येते. आमची वाळ्यात भिजून चिखल झाली. वारा गरम यायला लागला, तसं मीच मामांना म्हणालो, पुढच्या पडद्यावर पाणी ओता. त्यांनी ओतलं. वाऱ्यानं सगळा चिखल आत सोडला.

नवरदेव जागा झाला. "ड्रायव्हरसाब, तुमचा एसी गळायलाय."

मामा मागून म्हणाले, "कावून बे, पोराला लग्नाला न्यायलास का सारवायला?"

मांडवाच्या दारात सासरे उभे होते, कापडाचे व्यापारी. त्यांनी जावयाला वरपासून खालपर्यंत कापड तपासावं तसं तपासलं.

"पाव्हणं, आमच्यात कपाळाला विभूती लावत्यात. तुमी अंगभर लावून आलात."

मांडव हसला. नवरदेवही हसला, म्हणून मी वाचलो. सासऱ्यांचा ढगळा नेहरू शर्ट घालून तो बोहल्यावर चढला. मुहूर्त सापडला.

संध्याकाळी मालकांचा फोन आला. नवरदेव घामेजला का?

"घामाचा थेंब न्हाई, मालक," मी म्हणालो. ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी राखेनं सारवलेली सीट बघितली.

नोकरी राहिली, गाडी हातातून गेली. आता मी त्यांचाच मांडवाचा टेम्पो चालवतो. मागं भाड्याचे कूलर, पुढं मी, मानेवर ओला गमछा. काच मोकळी. पुढं टिपर दिसला की काच वर घेतो आणि पहिल्या हॉटेलावर चहाला थांबतो.