विश्वकर्मा पूजेला घासलेली टाकी

आमच्या कारखान्यात लोखंडी भागांवर क्रोमचा मुलामा चढवतात. त्या खात्याचं सांडपाणी हळदीसारखं पिवळं आणि जहरी. ते शुद्ध करायचं काम मी जंतूंवर सोपवलं, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. मागच्या नाल्यातला काळा गाळ बंद टाकीत भरला, त्याला गुळाचं पाणी पाजलं. त्यातले जंतू पाण्यातल्या क्रोमियमचं विष मारून ते गाळात बसवतात. वास मात्र सडक्या अंड्यांचा. खात्यातले लोक नाक दाबून विचारत, दीदी, तुमचे पाहुणे जेवले का?

कारखान्याच्या साहेबांना हे खूळ वाटे. प्रदूषण तपासणीत पाणी नापास झालं तर टाकी भंगारात, असं त्यांनी बजावलं होतं.

तपासणी महिन्यावर आली आणि मध्येच विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी मशीन बंद ठेवून सगळं खातं धुऊन लख्ख करतात. मी विजय नगरच्या घरून नवी साडी नेसून पोचले, तर माझी टाकीही आतून चकाचक, वर झेंडूची माळ. आमचे फोरमन, मूळ वर्ध्याकडचे, कौतुकानं म्हणाले, "पाहा बाई, किती मळ निघाला. पोरं सकाळपासून घासून राहिली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाळ त्यांनी शिस्तीत पिंपात भरला होता, पण वास जावा म्हणून त्यात भरपूर फिनाईलही ओतलं होतं. एकही जंतू वाचला नसणार. मी सगळ्यांसमोर फाडफाड बोलले. हा मळ नव्हता, यातले जंतूच पाणी शुद्ध करत होते, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

मग फोरमननी पूजेच्या नव्या पँटचे पाय दुमडले, बादली उचलली आणि नवा गाळ आणायला नाल्याकडे निघाले. मागोमाग सगळं खातं. पूजेला आणलेला गूळ त्या दिवशी टाकीत गेला. पुढे रोज कुणी ना कुणी न सांगता गुळाचं पाणी घालून जाई.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी आमच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले. विष उरलं असेल तर पाणी जांभळं होतं. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. पाणी होतं तसंच राहिलं.

"काहीच नाही झालं, बाई?" फोरमननी घाबरून विचारलं.

काहीच झालं नाही म्हणजेच पास, एवढं मी सांगितलं. त्यांनी वळून खात्याला हिंदीत हाक दिली, "अपनी टंकी पास हो गई."

ती टाकी माझी आहे, असं मी आजवर शंभरदा ऐकवलं होतं. त्या क्षणी मात्र 'अपनी' ऐकून माझा ऊर अभिमानानं भरून आला.