सुई कोणी टोचायची

माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही खानदेशात, गावात. लग्न होऊन सुरतेला आले. साड्यांचे धागे कापले, मुलं वाढवली, नवरा गेला. सरकारी कचेरीत कागद घेऊन उभं राहायचं काम सत्तरीनंतर माझ्या वाट्याला आलं. ते सुनेच्या हातामुळे.

सुनेच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यासाठी डॉक्टरांनी तिच्या डाव्या मनगटाच्या वर दोन नसा एकमेकींना जोडल्या. त्याला फिस्टुला म्हणतात. त्या जागी बोट ठेवलं की आतून घरघर लागते. आमच्या नवागामच्या खोलीची मागची भिंत लूमच्या कारखान्याला लागून आहे. त्या भिंतीला तळवा टेकला की अशीच घरघर लागते. हातातली ही घरघर आहे तोवर हात कामाचा. ती थांबली की संपलं.

हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या डायलिसिस सेंटरवर मशीन चालवणारा माणूस आधी तिथेच स्ट्रेचर ढकलायचा. दुसऱ्याचं बघून महिनाभरात शिकला आणि सुया टोचायला लागला. त्याने आम्हाला एवढंच सांगितलं होतं, वेळेवर या आणि पाणी कमी प्या.

सुरतेतच, गोडादऱ्याला माझ्या पुतणीचं लग्न निघालं. बांगड्या भरायला कासारीण आली. आमच्यात लग्नघरच्या सुना दोन्ही हात भरून घेतात. सुनेने उजवा पुढे केला आणि डावा पदराखाली घेतला.

"आत्या, डावा हातमां नको. तठे सुई टोचतस."

"एक हात भरेल, एक रिता? तुना नवरा जित्ता शे ना?" मी म्हणाले.

बायका हसल्या. एक म्हणाली, "दुखणं काय, रोजनंच शे. लगीन काय रोज ऱ्हास?"

सुनेने हात बाहेर काढला. आजारपणाने हात सुजलेला, बांगड्या लहान. कासारणीने साबण लावून एक एक चढवली. डझनभर. दोन दिवस त्या तशाच मनगटात रुतून बसल्या. मी त्या बघत होते आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू?

लग्नानंतर ती डायलिसिसला गेली. बांगड्या घरीच फोडून काढल्या होत्या. त्या माणसाने हात हातात घेतला, पण बोट ठेवून बघितलं नाही. सुई घातली, रक्त आलं नाही. दुसऱ्यांदा घातली, तिसऱ्यांदा घातली. कोपरापर्यंत हात काळा पडला. बर्फ बांधून त्याने परवा यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा डॉक्टर होते. ते म्हणाले, नस बंद पडली आहे, सुई लागली नाही त्याच दिवशी मला दाखवलं असतं तर कदाचित उघडता आली असती. डावा हात गेला. मानेत नळी घातली आणि उजव्या हाताची जोडणी केली. ती पिकायला, म्हणजे सुई घेण्याइतकी नस फुगायला, दोन महिने लागतात. तोवर नळीवर काढायचे.

उजवा हातही गेला तर पुढे काय, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मोबाइल काढला.

नळी घालायला मोठ्या दवाखान्यात गेलो तिथे एक गुजराती बाई भेटली. डायलिसिसचं रीतसर शिक्षण घेतलेली, मशीनवरच काम करणारी. ती सह्या गोळा करत होती. मागणी एवढीच, की जो हे काम शिकला, परीक्षा पास झाला, त्याला राज्याने परवाना द्यावा आणि परवाना नसेल त्याला सुई हातात घेऊ देऊ नये. मी तिला म्हणाले, मला दे कागद. उजवा हात पिकून तयार होईल तेव्हा आमच्या सेंटरवर सुई त्याच माणसाच्या हातात असणार होती. दुसऱ्या सेंटरवर जागा नव्हती आणि आमचं सरकारी कार्ड तिथेच चालत होतं.

नवागाममध्ये घरोघर फिरले, पर्वत पाटियाच्या चौकात उभी राहिले. एक लूमवाला म्हणाला, "आजी, परवाना कोणाला पाहिजे, तुम्हाला? रिक्षा चालवणार का काय?"

मी म्हटलं, "रिक्षा चालवायला परवाना लागतो हे तुला माहीत आहे. नसेत सुई घालायला लागत नाही हे माहीत आहे का?"

त्याने सही केली. सगळे करत नव्हते. आमच्याच सेंटरवर एक जण बायकोला घेऊन यायचा. मराठवाड्याचा, बांधकामावर सेंट्रिंगचं काम करणारा. त्याने कागद वाचून परत दिला.

"मावशी, तो टोचतो तरी. उद्या त्याला काढलं आणि सेंटरला कुलूप लागलं, तर माझ्या बायकोला कोण टोचणार? तुम्ही येणार का?"

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

गांधीनगरहून एक अधिकारी सुरतेला लोकांचं ऐकून घ्यायला येणार असं कळलं. त्या गुजराती बाईने माझं म्हणणं लिहून काढलं आणि मला वाचून दाखवलं. त्यात तीन सुया होत्या, बर्फ होता, काळा हात होता. बांगड्या नव्हत्या. मी तिला सगळं सांगितलं होतं.

ती म्हणाली, "बा, बंगडीनी वात रेवा दो, राहू द्या. ते लोक तेवढंच धरून बसतील."

ती बरोबर बोलत होती. शिवाय मुलाला बांगड्यांचं माहीत नव्हतं. सुनेने त्याला सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच.

सुनावणीला मुलगा कामाची पाळी सोडून माझ्याबरोबर आला. सून नळी घेऊन घरी पडली होती. लांब टेबल, पंखा, पाण्याच्या बाटल्या. त्या बाईने माझा कागद वाचला. मग आमच्या सेंटरचा मॅनेजर उठला आणि हिंदीत म्हणाला, "साहेब, या बायका त्याच हातात टाइट बांगड्या घालतात, त्याच हाताने हंडे उचलतात. मग आमचा माणूस काय करणार?"

अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. "माँजी, सुनेच्या त्या हातात बांगड्या होत्या?"

शिकलेल्या बाईने माझ्या साडीचं टोक ओढलं.

मी म्हणाले, "होत्या. ती नको म्हणत होती. मी भरायला लावल्या."

मॅनेजर हसला. अधिकारी लिहायला लागला. मी म्हटलं, "साहेब, पुढचंही लिहा. मी सासू आहे. मला कोणी शिकवलं नाही, चुकले. त्याच्या हातात तुम्ही सुई दिली आहे. हात बंद पडला आहे की चालू आहे हे त्याने बघायचं की मी? आणि त्या हातात बांगडी घालू नको हे मला कोणी सांगायचं?"

"बैठ जाइए," तो म्हणाला. पुढचं त्याने लिहिलं की नाही, माहीत नाही. त्याचं पेन हलताना मला दिसलं नाही.

बाहेर आल्यावर ती बाई म्हणाली, "बा, तुम्ही सगळ्यावर पाणी फिरवलंत." ती रडली. मी रडले नाही. विचारल्यावर मला खोटं बोलता आलं नाही, यात मोठेपणा काही नाही. मुलगा पायऱ्या उतरून सरळ निघून गेला. नवागामला मी एकटी रिक्षाने आले. त्यानंतर तो घरात जेवला, झोपला, कामाला गेला, माझ्याशी बोलला नाही.

महिन्याभराने कागद आला. मागणी विचाराधीन आहे, आणि आमच्या प्रकरणात नातेवाइकांचा निष्काळजीपणा दिसतो. ती बाई अजून सह्या गोळा करते. मीही करते, पण आता ती मला कोणापुढे बोलू देत नाही. कागद धरायला सांगते.

उजवा हात तयार झाला. पहिल्या सुईच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. तोच माणूस. माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, माझी नोकरी घालवायला निघाला होतात ना?" मी म्हटलं, "आधी हात लावून बघ. मग सुई."

पलंगावरून सून म्हणाली, "आत्या, तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर बाकावर बसले. मराठवाड्याच्या त्या माणसाची बायको आत मशीनवर होती. तो शेजारी बसला होता. बऱ्याच वेळाने मुलगा बाहेर आला. सुनावणीनंतर पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं.

"दुसरी सुई नसना बाहेर गई. हात सुजी गया. परत नळीवरच लावं तिले."

मी विचारलं, "त्यानी हात लाई देखं व्हतं का?"

"देखं व्हतं," तो म्हणाला. "काय देखानं ऱ्हास, तेच त्याले माहीत नही."