नुसते ओठ हलव

मेणबत्ती विझल्याचा वास आला की मला मिशन हायस्कूलमधला तो रविवार आठवतो. बिशप येणार होते. लॅटिन भजनातली एकट्याने गायची ओळ फादरांनीच माझ्याकडून महिनाभर घोटून घेतली होती, आणि ऐन वेळी म्हणाले, "बिशपांसमोर बाप्तिस्मा न झालेला मुलगा नको. ती ओळ दुसरा गाईल. तू रांगेत उभा राहून नुसते ओठ हलव." तांड्यावरून पायी आलेला माझा बा पागोटं मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसला होता. मी ओठ हलवले. बाहेर आल्यावर बा कौतुकाने म्हणाला, "एकट्यानं गायला तो तूच ना रे? मले तुया आवाज लगेच ओळखू आला." पुढे मी तांड्यातला पहिला पदवीधर झालो, पण दुसऱ्याच्या गळ्याची ती शाबासकी मला अजून गिळता आलेली नाही.