अनुभव मागितलाय कुणी?

इथे लंडनमध्ये, आमच्या हाउन्सलोच्या एका एजंटाने नाशिकच्या माझ्या भाचीला फसवलं. मुक्त विद्यापीठाची पदवी ब्रिटनच्या व्हिसा लॉटरीत चालत नाही, असं सांगून त्याने नोकरीच्या अनुभवाचा खोटा दाखला तिच्या गळ्यात मारला. हा व्हिसा तिशीपर्यंतच मिळतो आणि ती तिशीला टेकलेली, म्हणजे संधी शेवटचीच.

तिने पाठवलेला दाखला आणि व्हिसाच्या नियमांचे कागद घेऊन मी तणतणत हाउन्सलोच्या लायब्ररीत गेलो. काउंटरवरच्या नागपूरकर बाईंचं नाव मी कधी विचारलेलं नाही. ओळीखाली पट्टी धरून त्या प्रत्येक नियम वाचतात.

"अहो, आधी वाचू द्या, मग भांडा. पदवी हवी, एवढंच लिहिलंय. अनुभव मागितलाय कुणी?"

आणि मला न विचारता त्यांनी दाखला श्रेडरमध्ये सारला.

भाचीने पदवीवरच अर्ज केला. लॉटरीत नाव निघालं, व्हिसा मिळाला, काल मीच तिला हीथ्रोवरून घरी आणलं. आता त्या एजंटाने तिच्यासमोर उभं राहून सांगावं: नियम वाचलाच नव्हता, की वाचून फसवलं?